ज्याचा त्याचा वार

भिवंडीत राहायला आलो त्या आठवड्यात मला धड झोप लागली नाही. कामतघरच्या बाजूला खोली मिळाली होती आणि मागच्या भिंतीपलीकडे यंत्रमागांचा कारखाना होता. मागाचा आवाज आधी नुसता ऐकू येतो, दोन-तीन दिवसांनी तो अंगात शिरतो. फळीवरचे स्टीलचे पेले एकमेकांना लागून रात्रभर बारीक किणकिणायचे. बायकोनं त्यांच्यामध्ये फडक्याच्या घड्या घातल्या. आणि एका सकाळी मी दचकून उठलो, कारण काहीच वाजत नव्हतं. शेजारच्या कुकरची शिट्टी ऐकू आली, नळाला पाणी आल्याची हाकाटी ऐकू आली, लांब कुठेतरी कोंबडा आरवला. शुक्रवार होता. जुम्म्याला माग बंद.

खाली गल्लीत कारखान्यातली मुलं उन्हात बसली होती. बारा तासांची पाळी करणारी, सहा-सात माग एकट्यानं सांभाळणारी, भिशीत, म्हणजे कामगारांच्या खाणावळीत, जेवणारी आणि तिथंच आळीपाळीनं झोपणारी ही मुलं. एक जण दुसऱ्याच्या डोक्याला तेल लावत होता. बोटांनी केस बाजूला करून तो कापसाची तूस वेचत होता आणि शेजारच्या पायरीला पुसत होता. कुणालाच घाई नव्हती. मी खिडकीत उभा राहून बराच वेळ पाहत राहिलो. माझा जन्म ख्रिस्ती घरातला, ‘शब्बाथ’ हा शब्द लहानपणापासून कानावरचा. पण तो डोळ्यांनी पाहिल्यासारखा वाटला तो त्या शुक्रवारी, नमाजाला जायच्या तयारीत असलेल्या त्या मुलांमध्ये.

आम्ही मूळचे नगर जिल्ह्यातले. अमेरिकन मराठी मिशननं नगरला 1831 साली काम सुरू केलं आणि पुढं खेड्यापाड्यांतून ज्या मंडळ्या उभ्या राहिल्या त्यांतली एक आमच्या गावची. पत्र्याचं छोटं देऊळ, एक घंटा, एक पेटी. शब्बाथ पाळणं म्हणजे काय ते मी तिथं शिकलो, आणि पाळकसाहेबांच्या उपदेशापेक्षा जास्त आजीकडून शिकलो.

आजीचा शब्बाथ शनिवारी सकाळीच सुरू व्हायचा. जोंधळे दळून आणायचे, घर सारवायचं, दोन दिवसांचं सरपण फोडून चुलीमागे रचायचं. शेळ्यांचा पाला तोडून ठेवायचा. दिवस मावळला की ती भाकरी थापायला बसायची आणि रोजच्यापेक्षा दुप्पट थापायची. टोपलीत फडकं, फडक्यात भाकरीची चवड, वर उपडी परात. रविवारी चूल पेटायची ती फक्त चहापुरती. दुपारी देवळातून आलो की शिळी भाकर, शेंगदाण्याची चटणी, कांदा आणि असलं तर ताक. गावात इतरांकडे सणाच्या दिवशी गोडधोड व्हायचं आणि आमच्या सगळ्यात मोठ्या दिवशी आम्ही शिळं खायचो, याचं मला लहानपणी वाईट वाटायचं. एकदा तसं बोललो तर आजी म्हणाली, “ताजं खायाचं तर कुणीतरी चुलीपुढं बसाया पायजे. आज कुणीच नाई बसायचं.”

कुणीच नाही. यातलं ‘कुणीच’ मला समजायला पुढं तीस वर्षं लागली.

शेळ्यांना मात्र ती पाणी दाखवायची. आजारी माणसाला पेज करून द्यायची. एका रविवारी शेजारची गाय अडली, तर आजी उपासना अर्धी सोडून उठली आणि हात धुऊन परत येऊन त्याच जागी बसली. तिला कुणी काही बोललं नाही. येशूचे शिष्य शब्बाथ दिवशी शेतातून जाताना कणसं मोडून खात होते आणि त्यावरून परूश्यांनी केवढा वाद घातला, ती गोष्ट आमच्या मंडळीत सगळ्यांना पाठ होती.

दहा आज्ञा बायबलमध्ये दोन ठिकाणी आहेत, निर्गमात आणि अनुवादात. निर्गमात शब्बाथाचं कारण दिलंय की देवानं सहा दिवसांत जग निर्माण केलं आणि सातव्या दिवशी विसावा घेतला. अनुवादात कारण वेगळं आहे. तिथं मोशे लोकांना मिसर देशातल्या गुलामीची आठवण करून देतो. तुम्ही दास होता, तुम्हाला विसावा नव्हता, म्हणून आता तुमच्या दासालाही तो मिळाला पाहिजे. आजीला हे दुसरं कारण आवडायचं. ती म्हणायची, “आपुन बी मिसरातच व्हतो की रं बाळा.”

ती काय म्हणत होती ते तिच्या सासऱ्यांच्या हकिकती ऐकल्यावर उमगतं. बाप्तिस्मा घेण्याआधी त्यांच्याकडे गावकी होती. सांगावा घेऊन कोस-कोस पळायचं, चावडीवर पहारा करायचा, पाटलाच्या वाड्यावर लाकडं फोडायची, मेलेली ढोरं ओढायची, साहेब दौऱ्यावर आला की त्याचं सामान डोक्यावर घ्यायचं. हाक येईल तेव्हा जायचं, मग सण असो की घरात मयत असो. वेठीला वार नसतो. महार वतनाचं हे जोखड ढिलं व्हावं म्हणून बाबासाहेबांनी 1928 मध्येच मुंबई कायदेमंडळात विधेयक मांडलं होतं, आणि ही वतनं कायद्यानं गेली ती 1958 मध्ये. अशा घरातल्या माणसाला कुणीतरी सांगितलं की सातांतला एक दिवस तुझा आणि देवाचा, त्या दिवशी पाटलाची हाक आली तरी तू उठायचं नाहीस. त्या माणसाला काय वाटलं असेल! आम्ही धर्मांतरावर बोलतो तेव्हा शाळा आणि दवाखाने यांच्याबद्दल पुष्कळ बोलतो. या एका दिवसाबद्दल फार कमी बोलतो.

मी गोदामात काम करतो. माणकोलीच्या बाजूला, नाशिक हायवेला लागून पसरलेल्या गोदामांच्या गर्दीत एका मजल्याचा डिस्पॅच माझ्याकडे आहे. भिवंडी म्हटलं की लोकांना माग आठवतात, पण आता राहनाळ, पूर्णा, वळ, दापोडा या गावांच्या भातखाचरांवर निळ्या-पांढऱ्या पत्र्यांची कोठारं उभी आहेत. मुंबईच्या जकात नाक्याबाहेर माल ठेवायची सोय म्हणून हे सुरू झालं. 2017 च्या जुलैत जीएसटी आला, जकात गेली, तरी गोदामं वाढतच राहिली, कारण आता सगळ्यांना सगळं उद्याच्या उद्या घरी हवंय. मुंबईतल्या माणसानं रात्री अकराला बोटानं दाबलेली गोष्ट आमच्या मजल्यावर मध्यरात्री छापून बाहेर येते.

नोकरीला लागलो तेव्हा मी एकच अट घातली होती, रविवार सकाळची. साहेबांनी ती मानली. रविवारी आम्ही कोनगाववरून दुर्गाडीचा पूल ओलांडून कल्याणला मराठी उपासनेला जायचो. फोन बंद करून मी घरीच ठेवायचो, बायबलच्या शेजारी. सुरुवातीला हात सारखा खिशाकडे जायचा, मग सवय मोडली. दुपारी शिळी पोळी, मग झोप, संध्याकाळी मुलांना घेऊन कामवारी नदीच्या बाजूला फेरी. ओळखीतले लोक म्हणायचे, एवढ्या धावपळीत तुम्ही हे कसं जमवता? मला बरं वाटायचं. मी शब्बाथ पाळतो असं मी मानत होतो.

पाच वर्षांपूर्वी दिवाळीच्या आधीचे दिवस होते. एक पोरगा, गोरखपूरकडचा, वीस-बावीस वर्षांचा, ठेकेदाराचा माणूस. पट्ट्याच्या टोकाला उभा राहून तो खोक्यांवरचा कोड स्कॅन करायचा. त्या दिवशी एक अख्खी थप्पी चुकीच्या गाडीत चढली आणि मी तावातावानं त्याच्याकडे गेलो. तो स्कॅनर हातात धरून उभा होता. समोर खोकं आलं की हात पुढं व्हायचा, यंत्र टीं करायचं, हात मागं यायचा. डोळे मात्र मिटलेले होते. तो उभ्या उभ्या झोपला होता आणि त्याचा हात काम करत होता. खालच्या ओठाला धुळीची रेघ. माझ्या आवाजानं तो जागा झाला आणि पहिलं वाक्य बोलला ते, “सर, हाजिरी मत काटिए.”

मी ऑफिसात जाऊन हजेरीचं रजिस्टर काढलं. त्याच्या नावापुढे सलग एकोणीस दिवस हजर. एकोणीस दिवसांत तीन रविवार. त्या तिन्ही रविवारी मी कल्याणला देवळात होतो. रजिस्टरच्या त्या पानाखाली सही माझी होती.

त्या रात्री घरी येऊन मी निर्गमातली चौथी आज्ञा पुन्हा वाचली. इतर बहुतेक आज्ञा ओळ-दोन ओळींच्या आहेत, ही लांब आहे, कारण तिच्यात यादी आहे. तू, तुझा मुलगा, मुलगी, दास, दासी, जनावरं, आणि तुझ्या वेशीच्या आत राहणारा परका. ही यादी मी शंभरदा ऐकली होती आणि दर वेळी ‘तू’ वरच थांबलो होतो. आज्ञा दिलीय ती ज्याच्या हातात दुसऱ्याचं काम आहे त्याला. विसावा घे, एवढंच ती सांगत नाही. तुझ्या शब्दावर जे जे उठतात, त्यांना बसू दे असं सांगते. आणि परका म्हणजे कोण, ते भिवंडीत कुणाला वेगळं सांगायला नको. पद्मनगरातली तेलुगू घरं, उत्तर प्रदेश-बिहारमधून आलेले मागावाले, हमाल, माझ्या मजल्यावरची पोरं. हे शहर परक्यांच्या हातांनी चालतं.

मग त्याच पुस्तकाच्या पहिल्या अध्यायातली एक गोष्ट नजरेसमोर आली, जी मला आधीच दिसायला हवी होती. इस्राएल लोक मिसरात नेमकं काय बांधत होते? लहानपणी मी पिरॅमिडच धरून चाललो होतो. तिथं लिहिलंय की त्यांनी फारोसाठी पिथोम आणि रामसेस ही शहरं बांधली, माल साठवायची शहरं. कोठारं. गोदामं. त्यांनी देवाच्या उपासनेसाठी सुट्टी मागितली तेव्हा फारो म्हणाला की हे आळशी झालेत, आणि त्यानं विटांसाठीचा पेंढा देणं बंद केलं, पण रोजच्या विटांचा आकडा तोच ठेवला. आजी म्हणायची आपण मिसरात होतो. मी मिसरातून निघून आलो आणि मुकादम होऊन पुन्हा तिथंच उभा राहिलो.

दुसऱ्या दिवशी मी मुलांना सांगितलं की आठवड्यातून एक दिवस प्रत्येकानं सुट्टी घ्यायची. कुणीही खूश झालं नाही. ठेकेदाराकडे सुट्टी म्हणजे खाडा, आणि खाडा म्हणजे त्या दिवसाचे पैसे गेले. गोरखपूरचा तो पोरगाच मला म्हणाला की घरी बहिणीचं लग्न आहे, मला विसावा नको. तेव्हा कळलं की पोटाला चिमटा बसवणारा विसावा हा विसावा नाहीच. 1948 च्या किमान वेतन कायद्यात हे सरळ लिहिलेलं होतं की सात दिवसांतून एक दिवस सुट्टी आणि त्या सुट्टीचा मोबदला, दोन्हींची तरतूद करता येईल. कायदा करणाऱ्यांना हे ठाऊक होतं. मला नव्हतं.

तीन महिने भांडलो. ठेकेदाराशी, वरच्या साहेबांशी, हिशेब मांडून, चुकलेल्या गाड्यांचे आकडे दाखवून. शेवटी आमच्या मजल्यापुरतं ठरलं की सलग सहा दिवसांवर कुणाला बोलवायचं नाही, आणि सुट्टीच्या दिवसाचा अर्धा पगार द्यायचा. अर्धाच. सेलच्या दिवसांत हेही मोडतं, आणि दर वेळी मला पुन्हा उभं राहावं लागतं. वार कोणता ते ज्यानं त्यानं ठरवायचं. बहुतेकांनी शुक्रवार घेतला, काहींनी मंगळवार, दोघा आगरी मुलांनी रविवार मागून घेतला कारण घरी सगळे त्याच दिवशी असतात.

या सगळ्या खटपटीत मला एका माणसाची फार आठवण यायची, नारायण मेघाजी लोखंडे यांची. महात्मा फुल्यांचे सहकारी, ‘दीनबंधू’ हे वर्तमानपत्र चालवणारे सत्यशोधक. 1884 साली त्यांनी मुंबईच्या गिरणी कामगारांना एकत्र केलं, साडेपाच हजार सह्यांचा अर्ज सरकारच्या कमिशनपुढे ठेवला, आणि पहिली मागणी केली आठवड्याच्या सुट्टीची, रविवारची. 24 एप्रिल 1890 ला महालक्ष्मीच्या रेसकोर्सवर सभा झाली. दहा हजार कामगार जमले होते आणि दोन बाया उभं राहून बोलल्या. त्या काळात! 10 जून 1890 ला गिरणीमालकांच्या संघटनेनं रविवारची सुट्टी मान्य केली. रविवार खंडोबाचा वार, म्हणून तोच हवा, असं लोखंडे म्हणाले, असं सांगतात. मला यात मोठा आनंद वाटतो. ज्या दिवशी मी प्रभूच्या पुनरुत्थानाचं गीत गायला जातो, तो दिवस या भूमीत माझ्यासारख्या मजुराच्या नातवाला खंडोबाच्या नावानं मिळालेला आहे.

पण तो रविवार भिवंडीपर्यंत पोचला नाही. 18 जानेवारी 1982 ला दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली गिरण्यांचा संप सुरू झाला आणि मुंबईच्या गिरण्या पुन्हा कधी पहिल्यासारख्या उठल्याच नाहीत. गिरण्यांनी भंगारात काढलेले जुने माग तर त्याच्याही आधीपासून इथं येतच होते. माग आले, सूत आलं, कापड आलं. 1890 मध्ये मिळवलेली सुट्टी मात्र गिरणीच्या फाटकातच राहिली. एक कारखाना कागदावर चार-सहा नावांनी वाटला की फॅक्टरी कायदा लागत नसे, हे इथं सर्वांना ठाऊक आहे. जुम्म्याचा दिवस इथं माणसांनी आपल्या श्रद्धेच्या बळावर धरून ठेवलाय, आणि त्याबद्दल मला त्यांचा आदर आहे. सकाळी ती मुलं पायरीवर बसलेली दिसतात ती त्या बळावर.

श्रद्धेच्या बळावर वार धरून ठेवणारे आणखी एक लोक आपल्या शेजारीच होऊन गेले, आणि थोडे अजूनही आहेत. जुन्या कुलाबा जिल्ह्याच्या किनाऱ्यावरचे यहुदी, बेने इस्राएल. शतकानुशतकं ते कोकणात राहिले, मराठी बोलले, गावांवरून आडनावं घेतली, तेलाचे घाणे चालवले. जगभरातल्या इतर यहुद्यांशी त्यांचा संबंध तुटलेला होता. पण शनिवारी ते घाणा जुंपत नसत. म्हणून गावानं त्यांना नाव दिलं शनिवार तेली. ठाण्याला त्यांचं 1879 सालचं सभास्थान आहे, मी एकदा बाहेरून पाहून आलो. मराठीत न थांबणाऱ्या कष्टाला आपण घाण्याचा बैल म्हणतो. त्या घरांतला घाण्याचा बैल आठवड्यातून एक दिवस दावणीला उभा राहून नुसता रवंथ करत असे. चौथ्या आज्ञेतला बैल मी वाचला होता, पण तो कोकणातच, नांदगाव-पनवेलच्या वाटेवर होऊन गेला, हे मला उशिरा कळलं. आमच्या नगरकडेही सोमवारी बैलाच्या मानेवर जू ठेवत नाहीत, महादेवाच्या नंदीचा वार म्हणून. आपल्या लोकांना बैलाचा वार कधीच समजावून सांगावा लागला नाही. माणसाचा सांगावा लागतो.

आणि घरातल्या माणसाचा तर फारच. रजिस्टरची ही सगळी गोष्ट मी मोठ्या तळमळीनं मंडळीच्या प्रार्थनासभेत साक्ष म्हणून सांगितली. परत येताना रिक्षात बायको गप्प होती. दुर्गाडीच्या पुलावर ती म्हणाली, “अहो, त्या यादीत मुलगा आहे, मुलगी आहे, बैलसुद्धा आहे. बायको कुठाय?” मी घरी येऊन पाहिलं. खरंच नाही. पंडित लोक याचं उत्तर देतात की ‘तू’ मध्ये दोघंही आले. असेल. पण आमच्या घरात ‘तू’ म्हणजे मी होतो. रविवारच्या माझ्या शिळ्या पोळ्या शनिवारी रात्री साडेअकरापर्यंत कोण लाटत होतं, हे मी कधी पाहिलंच नव्हतं. उपासनेनंतर आमच्याकडे हक्कानं जेवायला येणाऱ्या पाहुण्यांसाठी ती पुन्हा ओट्यापाशी उभी राहायची, ते वेगळंच. माझ्या आजीलाही शनिवारचा दिवस किती जड जात असेल, हे मला त्या पुलावर पहिल्यांदा जाणवलं. त्या माऊलीला कुणी विचारलं नाही. मीही नाही.

आता शनिवारी संध्याकाळी आम्ही चौघं मिळून स्वयंपाक करतो. मुलगा कणीक मळतो, मी पोळ्या भाजतो, मुलगी भाजी चिरते. पाहुणे आले तर तेच खातात. रविवारी दुपारी बायको वर्तमानपत्र घेऊन खिडकीत बसते. पलीकडच्या कारखान्याचा आवाज चालू असतो, फळीवरच्या पेल्यांमध्ये फडक्याच्या घड्या अजून आहेत.

तो गोरखपूरचा पोरगा आता आमच्याकडे नाही. गावी गेला, तिथं बहीण दिली, पुन्हा कुठल्या शहरात लागला असेल. शेवटच्या महिन्यात त्याला चार शुक्रवार मिळाले होते. रजिस्टरमध्ये ते चार चौकोन मी लाल शाईनं रंगवले होते.

तुम्ही कुठल्याही देवाला मानत असाल, किंवा कुठल्याच नाही, तरी माझी एक विनंती ऐका. तुमच्या घरी भांडी घासायला येणाऱ्या मावशी, सोसायटीच्या फाटकावरचा वॉचमन, दारात पार्सल घेऊन उभा राहणारा मुलगा, यांच्यापैकी एकाला या आठवड्यात विचारा की त्यांचा वार कोणता. नसेल, तर त्यातला जेवढा तुमच्या हातात आहे तेवढा द्या, आणि पैसे कापू नका.